साखर बाळासोबत जात नाही



गेल्या महिन्यात कोळवणला बचत गटाच्या बैठकीला गेले होते. पौडहून आत वळलं की भातखाचरांमधून रस्ता जातो. लावणी आटोपली होती, त्यामुळे बाया जरा मोकळ्या होत्या. कर्जाचे हप्ते, व्याज, सह्या-अंगठे यांत तासभर गेला. नंतर ठरल्याप्रमाणे आमच्याबरोबर आलेल्या नर्सताईंनी सगळ्यांचं बीपी घेतलं आणि बोटाला टोचून साखर पाहिली. त्या रांगेत एक सासू आणि तिची सून एकीमागे एक बसल्या होत्या. त्या दोघींमुळे या वेळचं संपादकीय या विषयावर लिहिते आहे.

सासू साठीच्या पुढची. सहा-सात वर्षांपूर्वी खाचरात पायाला लागलं, जखम भरेना, तेव्हा साखर निघाली. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत, म्हणजे असतील तेव्हा चालू आहेत. बीपी निघालं १७६/७०. मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "ताई, वरचा वाढलाय, पण खालचा तर चांगलाय ना? मग काळजी नाही."

सून छत्तीसची, काडीसारखी बारीक. तिची साखर निघाली २४८. तिचा विश्वास बसेना. "मला नाही हो साखर. म्हणजे, धाकट्याच्या वेळी पोटुशी असताना निघाली होती. पण बाळ झालं नि ती गेली. बाळासोबतच गेली."

धाकटा आता नऊ वर्षांचा आहे. त्या वेळी मी शिक्षण संपवून या कामात नवीन होते आणि तिला तपासणीला मीच घेऊन गेले होते. परत आल्यावर जुनी वही काढली. तिचं नाव सापडलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'मधुमेह – होय. प्रसूती – सुखरूप. मुलगा, ३.८ किलो.' त्या वजनावर मी आनंदानं उद्गारचिन्हही काढलं होतं. त्यापुढे रकानाच नव्हता. आमच्या वहीत बाई प्रसूतीपाशी संपत होती.

बाईकडे गर्भाशय म्हणून पाहू नका, असं आपण सरकारला, डॉक्टरांना, औषध कंपन्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो. आणि आपल्याच वहीत तेच. हे कबूल करून मग पुढचं बोलते.

सुनेची साखर नि सासूचं बीपी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच गोष्टीची ती दोन टोकं आहेत, आणि मधली वर्षं शरीरात काय घडतं ते आपण समजून घेतलं पाहिजे. हे ज्ञान डॉक्टरांच्या केबिनमध्ये बंद राहण्याइतकं अवघड नाही.

हृदयातून जी सर्वांत मोठी रक्तवाहिनी निघते तिला महाधमनी म्हणतात. ती नुसती नळी नाही. निरोगी महाधमनी लवचीक असते. हृदय आकसून रक्त बाहेर फेकतं तेव्हा ती फुगते आणि त्यातलं बरंचसं रक्त क्षणभर सामावून घेते. हृदय सैल पडतं तेव्हा ती आपसूक आक्रसते आणि ते रक्त पुढे ढकलते. त्यामुळे हृदय ठोक्याठोक्यानं रक्त सोडत असलं तरी मेंदूला, मूत्रपिंडांना ते संथ, अखंड मिळतं. जुन्या हातपंपाच्या अग्निशामक बंबात हवेची एक कुपी असायची. पंप मारणाऱ्यांचे हात थांबत-चालत, पण कुपीतल्या दाबलेल्या हवेमुळे पाण्याची धार तुटत नसे. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स यांनी १७३३ मध्ये धमन्यांची तुलना या कुपीशी केली आणि १८९९ मध्ये जर्मनीतल्या ओटो फ्रांक यांनी ती गणितात मांडली. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देतं. तितक्याच वेळा ही धमनी फुगते आणि आक्रसते.

तिच्या भिंतीत मुख्यतः दोन प्रकारचे धागे असतात. इलॅस्टिनचे धागे रबरासारखे ताणले जातात. कोलॅजनचे धागे दोरासारखे चिवट असतात, ते भिंत फाटू देत नाहीत. वय वाढतं तसे इलॅस्टिनचे धागे झिजतात, तुटतात, आणि शरीर ते पुन्हा नीट विणू शकत नाही. म्हणजे धमनी थोडीफार ताठर प्रत्येकाचीच होते. रक्तातली वाढलेली साखर हे काम लवकर आणि जास्त करते.

कशी, ते आपण रोज चुलीपाशी पाहतो. भाकरी भाजताना तिला तांबूस डाग पडतात, दूध आटवताना ते पिवळसर होत जातं. साखर आणि प्रथिनं उष्णतेनं एकमेकांना चिकटतात, त्याचा तो रंग. शरीरात विस्तव नसतो, पण तीच क्रिया फार हळू, वर्षानुवर्षं चालू असते. रक्तात साखर जास्त असेल तर ती अधिक होते. साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते आणि पुढे शेजारशेजारच्या धाग्यांमध्ये कायमच्या गाठी मारते. एकमेकांवरून सरकणारे धागे जागच्या जागी जखडतात. मळ्यातली रबरी नळी उन्हापावसात पडून पडून जशी कडक होते, तशी भिंत होते.

हेच चिकटणं मोजण्यावर आपली एक ओळखीची तपासणी उभी आहे. रक्तातल्या लाल रंगाला, म्हणजे हिमोग्लोबिनला, किती साखर चिकटली आहे ते त्यात पाहतात. मधुमेह असलेल्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये हा वेगळेपणा असतो, हे इराणी संशोधक सॅम्युअल रहबर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. त्यातून आजची 'तीन महिन्यांची साखर', म्हणजे एचबीए१सी तपासणी आली. तिचा आकडा ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह धरतात. तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात आणि नव्या येतात, म्हणून तिथली साखर पुसली जाते. धमनीतलं कोलॅजन मात्र कित्येक वर्षं बदलत नाही. तिथला हिशेब साचत जातो.

याशिवाय साखरेचे दुसरेही मार्ग आहेत. धमनीचं आतलं नाजूक अस्तर एक वायू तयार करतं, नायट्रिक ऑक्साइड. त्यामुळे भिंतीतले स्नायू सैल राहतात. साखर जास्त राहिली, इन्सुलिन नीट लागू पडेनासं झालं, की हा वायू कमी पडतो आणि भिंत आवळलेली राहते. भिंतीत कॅल्शियम साठण्याचा वेगही मधुमेहात वाढतो. तंबाखू अस्तराचं आणखी नुकसान करते. आपल्या बाया सकाळी दातांना मिश्री लावतात तीही तंबाखूच, हे आपण विसरतो.

आता सासूबाईंचे दोन आकडे पुन्हा पाहू. हृदय आकसतं तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा, सैल पडतं तेव्हाचा खालचा. धमनी ताठर झाली की फेकलेलं रक्त तिच्यात सामावत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. सामावलंच नाही तर मागून ढकलायला उरणार काय? म्हणून खालचा आकडा उतरतो. १२०/८० मध्ये अंतर ४० चं आहे. १७६/७० मध्ये ते १०६ आहे. मावशींना ज्या खालच्या आकड्याचा दिलासा वाटत होता, तो दिलाशाचा नव्हताच. या वयात वरचा चढलेला आणि खालचा उतरलेला असेल तर मोठ्या धमन्या ताठरल्याची ती खूण असते.

याचे परिणाम सांगायलाच हवेत. हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो, त्याचा स्नायू जाड होत जातो. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला बहुतेक रक्त ते सैल असतानाच मिळतं, म्हणजे नेमका दाब कमी पडतो त्या वेळी. आणि मेंदू नि मूत्रपिंडांतल्या बारीक वाहिन्यांवर संथ धारेऐवजी धक्के बसतात. अर्धांगवायू, मूत्रपिंडं निकामी होणं, चालताना धाप लागणं ही त्याची पुढची नावं.

ताठरपणा थेट मोजण्याचं यंत्र असतं. मानेपासून मांडीपर्यंत नाडीची लाट किती वेगानं जाते ते पाहतात. भिंत जितकी कडक, तितकी लाट वेगानं धावते. सेकंदाला दहा मीटरच्या वर गेली तर धोक्याची समजतात. असं यंत्र खेड्यात येणार नाही. पण बीपीचा पट्टा गावोगाव आहे. दोन आकड्यांमधलं अंतर पाहायला आपण शिकलो तरी पुष्कळ आहे.

हा प्रश्न बाईचा म्हणून वेगळा का? पाळी चालू असते त्या वर्षांत बाईला हृदयविकारापासून पुरुषापेक्षा काहीसं संरक्षण असतं. मधुमेह ते संरक्षण बरंचसं हिरावून घेतो. २०१४ मध्ये ६४ अभ्यासांतल्या साडेआठ लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. मधुमेहामुळे पुरुषांचा हृदयविकाराचा धोका २.१६ पट झाला होता, स्त्रियांचा २.८२ पट. याची काही कारणं शरीरातली आहेत. काही मात्र आपल्या ओळखीची आहेत: बाईचं निदान उशिरा होतं, उपचार अपुरा होतो, आणि तिच्या छातीतल्या दुखण्याला 'गॅस' म्हटलं जातं.

त्यातही गरोदरपणी साखर वाढलेल्या बाईचं काय होतं, ते सुनेनं ऐकायला हवं होतं आणि मी सांगायला हवं होतं. बाळ झाल्यावर साखर बहुधा खाली येते, हे खरं. पण गरोदरपणानं शरीरावर भार टाकून एक कमकुवत दुवा दाखवून दिलेला असतो. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतर बायांपेक्षा सात ते दहा पट असते आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराची जवळजवळ दुप्पट. आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचना २०१४ मध्ये आल्या, २०१८ मध्ये सुधारल्या. गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरायचा, असं त्यात आहे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची पुन्हा तपासणी करायची, हेही त्यातच आहे. पण सहा आठवड्यांनी आपण सगळे बाळाच्या लसीकडे पाहत असतो. आई त्याला मांडीवर घेऊन समोरच बसलेली असते.

"इतकी बारीक बाई, तिला कुठली साखर?" हे वाक्य त्या दिवशी मी चार जणींकडून ऐकलं. याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यातून आलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्या आया शेतात राबणाऱ्या, लहान चणीच्या, कमी वजनाच्या होत्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू नि अवयव लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशा शरीरात साखरेचा तोल लवकर बिघडतो. पालेभाज्या, फळं, दूध ज्या आयांच्या खाण्यात जास्त वेळा होतं त्यांची बाळं मोठी होती, हेही या अभ्यासानं दाखवलं. म्हणजे शेवटी जेवणाऱ्या, उरलंसुरलं खाणाऱ्या बाईच्या ताटातली भाजी हा पुढच्या पिढीच्या रक्तवाहिन्यांचाही प्रश्न आहे. वजनकाट्यावर हे दिसत नाही. कमरेला टेप लावला तर थोडंफार दिसतं. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर वजन कितीही कमी असो, तपासणी करावी.

आणि हे मोजक्या जणींचं दुखणं उरलेलं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

मग उशीर झाला म्हणजे सगळं संपलं का? नाही. पण वेळेला किंमत आहे, हे ठामपणे सांगते. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षं १,४४१ तरुण मधुमेहींचा एक अभ्यास झाला. त्यांचा मधुमेह लहान वयात होणारा, इन्सुलिन लागणारा होता. निम्म्यांची साखर काटेकोर आटोक्यात ठेवली, निम्म्यांवर त्या काळचे नेहमीचे उपचार केले. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर हळूहळू सारखीच झाली. तरीही २००५ मध्ये पाहिलं तेव्हा सुरुवातीला आटोक्यात ठेवलेल्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी होत्या. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या प्रकारच्या मधुमेहावर ब्रिटनमध्ये असाच मोठा अभ्यास झाला. निदानानंतर लगेच साखर आवरली तर त्याचा फायदा पुढे दहा वर्षं टिकतो, असं त्यात २००८ मध्ये दिसलं. उलट त्याच वर्षी अमेरिकेतला दहा हजारांवर माणसांचा एक अभ्यास मध्येच बदलावा लागला. जुना मधुमेह आणि हृदयाचा धोका असलेल्यांची साखर एकदम खाली ओढली, तेव्हा मृत्यू वाढले. म्हणजे सुरुवातीची वर्षं मोलाची, आणि नंतर घाईनं भरपाई करता येत नाही.

सुनेची नऊ वर्षं अशी गेली. ती परत आणता येणार नाहीत. पण ती छत्तीसची आहे. कोलॅजनच्या गाठी सुटल्या नाहीत तरी नव्या पडणं मंदावता येतं. अस्तर सुधारतं, आवळलेले स्नायू सैल होतात, बीपी औषधानं खाली येतं. सासूबाईंसाठी तर बीपी आटोक्यात ठेवणं हेच सध्या मोठं काम आहे. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं, सावकाश. आपण कार्यकर्त्यांनी गोळ्या सांगायच्या नाहीत, आणि कुणाच्या सांगण्यावरून बंदही करू द्यायच्या नाहीत.

'चाला, भात कमी करा' असं सांगून आपण मोकळ्या होतो. कोळवणची बाई चालत नाही असं म्हणण्याची माझी तरी हिंमत नाही. तिचं पीकच भात आहे, तर ताटात भात असणारच. त्याचा डोंगर कमी करून शेजारी डाळ, पालेभाजी, अंडं यायला हवं. दिवसाचे सहा कप गोड चहा दोनावर यायला हवेत. आणि हे एकटीच्या निश्चयानं होत नाही, घरानं ठरवलं तर होतं. ताटात कुणाला काय मिळतं, हा प्रश्न आपण साखरेच्या निमित्तानं पुन्हा विचारू या.

त्या दिवशी मावशी गोळ्यांबद्दल म्हणाल्या, "एकाड एक दिवस घेते, म्हणजे पुरतात." त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. गोळ्या कमी होत्या आणि महिना मोठा होता. पथ्याचं व्याख्यान देण्याआधी गोळ्या का पुरत नाहीत, याचा जाब विचारणं हे आपलं काम आहे.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकीची बीपी आणि साखर तपासावी, असा सरकारी कार्यक्रमच आहे. आशाताई त्याचे फॉर्म भरतात. तो कार्यक्रम कागदावर राहू नये यासाठी आपल्या मागण्या साध्या आहेत. गरोदरपणी साखर निघालेल्या प्रत्येक बाईचं नाव बाळंतपणानंतर असंसर्गजन्य आजारांच्या नोंदवहीत गेलंच पाहिजे. सहा आठवड्यांनी आणि पुढे दर वर्षी तिला बोलावणं आलं पाहिजे. तपासणीची वेळ बाया शेतात असतात ती नसावी. गोळ्या महिनाभराच्या एकदम मिळाव्यात. आणि हे काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं ओझं म्हणून येऊ नये.

त्याआधी आपली वही दुरुस्त करू. आमच्या गटानं 'प्रसूती' या रकान्यापुढे तीन रकाने आखले आहेत: आईची साखर, आईचं बीपी, पुढच्या तपासणीची तारीख. जुन्या वह्या काढून, ज्यांच्या नावापुढे 'मधुमेह – होय' लिहिलं आहे त्या प्रत्येकीच्या दारात जायचं ठरवलं आहे. तुमच्या गटाच्याही अशा वह्या माळ्यावर असतील. त्या काढा. काय सापडलं ते आम्हाला कळवा.

पुढच्या आठवड्यात सासू-सुनेला घेऊन मी पुन्हा तपासणीला जाणार आहे. सुनेनं एकच विचारलं, "ताई, या वेळी कुणासाठी जायचं? आता तर पोटात कुणी नाही."

तिला सांगितलं, "तुझ्यासाठी." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "येते."